पाहुणे गेल्यावरचे पक्षी

पक्षी बघायचे ते हिवाळ्यात, असं आपल्याकडे ठरूनच गेलंय. राज्याचा पक्षी सप्ताहही ५ ते १२ नोव्हेंबर असतो. मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसाला सुरू होतो आणि सालिम अलींच्या जन्मदिवसाला संपतो. दिवाळी झाली की पैठणच्या रस्त्याला गळ्यात दुर्बिणी अडकवलेली माणसं दिसू लागतात, जानेवारीत शाळांच्या सहली येतात, आणि महाशिवरात्र उलटली की जायकवाडी धरणाच्या नाथसागराचा काठ ओस पडतो. थंडीत आलेले पाहुणे पक्षी परत निघाले, ऊन चढलं, आता तिथं काय ठेवलंय, असं जो तो म्हणतो.

यंदा मी नेमका तिथून पुढचा हंगाम धरला. फाल्गुनापासून मृगापर्यंत. गेवराईत माझं मेडिकलचं दुकान आहे, त्यामुळे जे बघायचं ते रविवारी, नाहीतर सणावाराच्या सुट्टीला. उन्हाळ्यात तसंही साडेआठ-नऊनंतर पक्षी आणि माणूस दोघंही सावली शोधतात. पहाटे चारला गाडी काढायची, सोबत पाण्याच्या बाटल्या, ओआरएसची पाकिटं, डोक्याला मातकट रुमाल आणि गळ्यात ८ बाय ४२ ची दुर्बीण. ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहापटीची घ्यावी असं वाटतं, पण ती हातात जास्त थरथरते, आणि तांबडं फुटतानाच्या अंधुक उजेडात आठपटीचीच कामाला येते. पांढरे कपडे मात्र अजिबात नकोत.

सुरुवात सोनेवाडीच्या काठावरून केली. जायकवाडीची पायाभरणी १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, १९७६ ला इंदिरा गांधींनी धरणाचं लोकार्पण केलं आणि पुढं दहाच वर्षांनी, १९८६ मध्ये, सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचा हा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. धरण बांधलं शेतीसाठी, पण ते उथळ आहे हे पक्ष्यांच्या पथ्यावर पडलं. काठची जमीन इतकी सपाट की पाणी वीतभर उतरलं तरी काठ लांबवर मागं सरकतो आणि ओला गाळ उघडा पडतो. त्या गाळात किडे, अळ्या, गोगलगाई. त्यांच्या मागोमाग शेकाटे, तुतवार, शराटी, चमचे. उथळ पाण्यात माना बुडवून उभे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. आणि माणसंही मागोमाग येतात, गाळपेऱ्याला, म्हणजे या उघड्या गाळात पीक घ्यायला.

गाळपेऱ्यावर पक्षीप्रेमींची नाराजी असते. मला ती सरसकट पटत नाही. ज्यांची जमीन पाण्याखाली गेली, त्यातल्याच कितीतरी घरांची पोटं या गाळावर भरतात. पण पाण्याच्या अगदी कडेला कीटकनाशक फवारलं जातं, ते थांबलंच पाहिजे. औषधांच्या धंद्यात असल्यामुळे मात्रेचा अर्थ मला कळतो. जे पिकावरच्या अळीला मारतं, ते पाण्यातल्या अळीलाही मारतं, आणि शेकाट्याचं सगळं जेवण तिथंच असतं.

फाल्गुनात पट्टकादंब, हे हंसाच्या कुळातले पाहुणे, अजून होते. डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, बाकी अंग राखाडी. रात्री काठच्या गव्हा-हरभऱ्यात चरायचं आणि दिवसा पाण्याजवळ पडून राहायचं असा त्यांचा क्रम. तिबेट, मंगोलिया, लडाख इकडं हे अंडी घालतात आणि जाता-येता हिमालय ओलांडतात. होळीच्या आधी थवा गजबजलेला होता. धुळवडीनंतर गेलो तर तुरळक राहिले होते. पाडव्याला एकही नाही. चक्रवाक तेवढे थोडे रेंगाळले होते, जोडीजोडीनं.

भोरड्यांची गंमत वेगळीच. ज्वारी हुरड्यात आली की गोफण घेऊन ज्यांना हाकलायचं, त्या याच. ज्वारी निघाल्यावर त्यांच्याकडे कुणी वळून बघत नाही आणि खरं देखणेपण त्यांना तेव्हाच येतं. हिवाळ्यात मळकट दिसणारा पक्षी चैत्राच्या तोंडावर स्वच्छ गुलाबी होतो, डोकं आणि पंख काळेभोर. उमापूरच्या बाजूला रस्त्याकडेच्या एका पळसावर त्या इतक्या लगडल्या होत्या की फूल कोणतं आणि पक्षी कोणता ते कळेना. फुलातला रस पिऊन प्रत्येकीच्या कपाळाला पिवळे परागकण लागलेले. एप्रिल सरता सरता त्या मध्य आशियाकडे निघून जातात. तिथं त्यांची वीण टोळांवर आणि नाकतोड्यांवर पोसली जाते. आपल्या ज्वारीचा हिशोब मांडताना तेही जमेला धरावं, असं मला मनापासून वाटतं.

पाडव्यानंतरच्या एका पहाटे सोनेवाडीला थर्माकोलच्या चप्पूवरून जाळं ओढून आलेले एक भोईदादा भेटले. मासे निवडता निवडता त्यांनी विचारलं, "काय बगायलाव?"

"पाहुणे गेले का ते बघतोय, दादा."

"ते गेले की मग आपले बसतेत ना. तिकडं त्या उंचवट्यावर बगा. पण तिथं उतरू नका, पायाखाली अंडी येतेत."

पाण्यातून वर आलेला वाळू-मुरमाचा एक पट्टा त्यांनी बोटानं दाखवला. दुर्बीण दगडावर टेकवली आणि बघत राहिलो. आधी नुसती वाळू दिसली. मग वाळूतून पिवळी चोच दिसली, काळी टोपी दिसली, आणि एकेक करत सगळा पट्टाच जिवंत झाला. नदी सुरय. फेब्रुवारी-मार्चनंतर पाणी उतरून अशी बेटं उघडी पडली की ते वाळूतल्या नुसत्या खळग्यात अंडी घालतात, ना काडी ना गवत. जवळच आर्लीही होते, वाळूच्याच रंगाचे, हलल्याशिवाय दिसत नाहीत. नर सुरय पाण्यावर सूर मारून चोचीत आडवी मासोळी धरून यायचा आणि मादीपुढं मान उंच करून उभा राहायचा. तिनं मासोळी घेतली की पुन्हा उड्डाण.

बेट हाच त्यांचा कोट, आणि उन्हाळ्यात तो कोटच पडतो. पाणी आणखी उतरलं की बेट काठाला जोडलं जातं, आणि मग कुत्री चालत जातात, जनावरं चरत जातात. उलट नदीत वरून पाणी सुटलं तर अंडी वाहून जातात. नदी सुरयांची संख्या सगळीकडेच घटते आहे. त्याचं एक मोठं कारण म्हणजे नद्यांवरची ही बेटं आता नदीच्या मर्जीनं उघडी पडत नाहीत, धरणांची दारं उघडण्या-मिटण्यावर ठरतात.

पुढच्या खेपेला पट्ट्याची एक बाजू चिखलानं काठाला जोडली जात होती. वनरक्षकांना तिथूनच फोन लावला. ते आले, भोईदादांनी आणखी दोघांना हाक मारली, आणि त्या चिंचोळ्या जागेवर बाभळीच्या काटेरी फांद्या आडव्या टाकल्या. काम अर्ध्या तासाचं होतं. अक्षय्य तृतीयेला गेलो तेव्हा वाळूवर करड्या ठिपक्यांची पिल्लं पळत होती. सगळी जगली असं नाही. पण कुत्र्यांनी पट्टा साफ केला असता, तो केला नाही.

पाटोदा तालुक्यात माझं आजोळ. मामांची थोडी शेती आणि शेळ्या. नायगाव मयूर अभयारण्य तिथून जवळच आहे, म्हणून वैशाखात मुक्काम मामांकडेच टाकला. पहिल्याच सकाळी चहा पिता पिता मामा म्हणाले, "कामून जातो इतक्या लांब? टिटवी आपल्याच रानात बसलीय."

मुरमाड तुकडा होता, नांगरट व्हायची राहिलेली. मामांनी लांबूनच दाखवलं. मी लिंबाच्या सावलीला बसलो, टिटवी तिथून साठ-सत्तर पावलांवर. तिचा आरडाओरडा थांबेपर्यंत हललो नाही. ती आधी भलत्याच दिशेला चालत गेली, उगाच खाली बसली, उठली, पुन्हा चालली. अंडी दुसरीकडेच आहेत असं भासवायची ही तिची रीत. बऱ्याच वेळानं तिला खात्री पटली, मग वळसा घेऊन ती खऱ्या जागी आली. चार अंडी, निमुळती टोकं आतल्या बाजूला वळवलेली, रंग हुबेहूब मुरमाचा. आजूबाजूला थोडे खडे आणि शेळीच्या लेंड्या लावलेल्या. बसण्याआधी तिनं चोचीनं एक अंडं किंचित फिरवलं.

साडेदहाच्या सुमाराला जमीन तापून वाफा निघू लागल्या तेव्हा जोडीदार हौदाकडं गेला. जनावरांच्या हौदाखाली गळतीचं डबकं साचतं. त्यात तो पोटापर्यंत उतरला आणि अंग डावी-उजवीकडं घुसळत राहिला. पोटाची पिसं भिजून काळपट झाली. मग तसाच उडत आला, मादी उठली, तो बसला. थोड्या वेळानं ती डबक्यावर. असं आळीपाळीनं चाललं होतं. उन्हाळ्यात टिटवी अंडी उबवते म्हणण्यापेक्षा ती थंड ठेवते म्हणणं खरं आहे. उघड्या मुरमावर दुपारी अंडं झाकल्याशिवाय राहिलं तर आतला जीव शिजून जाईल. जोडीतलं एकजण पाण्याला जातं तेव्हा दुसऱ्यानं जागा सोडून चालत नाही. म्हणूनच सांगतो, टिटवीच्या घरट्याजवळ फोटोसाठी पाच मिनिटं उभं राहणं ही लहान गोष्ट नाही. आपण उभे असतो तोवर ती बसत नाही, आणि वैशाखातली पाच मिनिटं फार असतात.

"टिटवीनं उंचवट्याला अंडी घातली की पाऊस लई," मामा म्हणाले. "औंदा बांधाच्या अंगाला आहेत, बघ." आमच्याकडं प्रत्येक गावात कुणीतरी हे बघून ठेवतंच. पाऊस त्यावर ठरतो की नाही यात मला पडायचं नाही. पण या एका समजुतीपायी टिटवीची अंडी किती शेतांमध्ये वाचली असतील, याचा विचार मी त्या दिवशी बराच वेळ केला. मामांनी ट्रॅक्टरवाल्याला सांगून तेवढा तुकडा नांगरटीतून वगळला. मी खुणेला काठी रोवायला निघालेल्या पोराला थांबवलं. काठी दिसली की कावळा येऊन बसतो आणि खाली बघतो.

बुद्धपौर्णिमेला वनखातं अभयारण्यांमध्ये पाणवठ्यांवर प्राणीगणना करतं. पौर्णिमेचा लख्ख उजेड आणि आटलेले झरे, यामुळं जो तो प्राणी उरलेल्या पाण्यावर येतोच. आधी अर्ज करून नाव दिलं होतं, मचाण मिळालं. नायगाव १९९४ ला अभयारण्य झालं, जेमतेम ३० चौरस किलोमीटरचं, बालाघाटाच्या उतारांवरचं शुष्क रान. बोरी, हिवर, बाभळी, खैर, अधूनमधून सीताफळी. सिमेंटचे बशीसारखे उथळ पाणवठे केलेत, त्यात टँकरनं पाणी सोडतात. मचाणावर बोलायचं नाही, अत्तर-पावडर लावायची नाही, मोबाइल बंद. संध्याकाळी पाचला चढलो ते दुसऱ्या दिवशी सकाळी उतरलो.

मोर दिवस मावळायच्या आत आले. आधी लांडोरी, मग नर, पिसारा जमिनीवर ओढत. पाण्याला तोंड लावायच्या आधी प्रत्येकजण थांबून चहूकडं बघतो. प्यायला लागले की चोच बुडवून मान वर करतात आणि गळ्यातून घोट उतरताना निळ्या रंगावर उन्हाची लकेर फिरते. चैत्र-वैशाखात पिसारा पूर्ण असतो. पावसाळा सरता सरता तो झडून जातो. अंधार पडल्यावर झाडावर चढून बसलेल्या मोरांचा आवाज टेकडी-टेकडीवरून येत राहिला. त्यानंतर कान हाच आधार. रातव्याचा आवाज फरशीवर सोडलेल्या गोटीसारखा, आधी सुटा सुटा आणि मग घाईघाईनं जवळ जवळ. करवानकाची लांबलचक शीळ मध्यरात्रीनंतर, माळाच्या बाजूनं. खोकड दोनदा येऊन गेलं. रानडुकरांनी पाणी ढवळून टाकलं.

खरं बक्षीस सकाळी मिळालं. मोजणीची वेळ संपली होती, पण वनरक्षक म्हणाले, थोडं थांबा, पखुर्ड्या यायच्यात. सूर्य चांगला वर आला, उन्हाचा चटका बसू लागला, आणि आभाळातून एक बारीक घोगरा कलकल आवाज आला. मोठ्या वेगानं पंधरा-वीस पक्षी आले, पाणवठ्यावरून फिरून गेले, पुन्हा आले आणि लांब मुरमावर उतरले. उतरल्यावर दिसेनात. मग चालत, अगदी आखूड पायांनी, पाण्याकडं. भराभर प्यायले, आणि नर तिथंच थांबले. पंख किंचित वर करून पोट पाण्यात टेकवलं आणि दाबून दाबून भिजवलं. पखुर्डीच्या नराच्या पोटाची पिसं पाणी धरून ठेवतात. असं पाणी भरून तो कितीतरी मैल उडत जातो आणि माळावरची पिल्लं त्याच्या पोटाखाली शिरून पिसांमधून पाणी पितात. जिथं अन्न आहे तिथं पाणी नाही आणि पाणी आहे तिथं मुंगूस-ससाण्याची भीती, त्यावर काढलेला हा तोडगा. पैठणच्या अथांग पाण्याकाठी जे कळत नाही, ते इथं एका सिमेंटच्या बशीपाशी कळतं. आमच्या भागात पक्षी कुठं राहतील, कधी विणीला बसतील, किती जगतील, हे सगळं उन्हाळ्यातल्या पाण्याशी बांधलेलं आहे. टँकरची एक खेप चुकली तर काय होत असेल, ते मचाणावर बसलेल्याला सांगावं लागत नाही.

रोहिणी निघाल्यावर गौताळ्याला गेलो, कन्नडच्या बाजूनं. गौताळा-औट्रमघाट अभयारण्यही १९८६ चंच, २६० चौरस किलोमीटरचं, छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव दोन्हीकडं पसरलेलं. पितळखोऱ्याची लेणी याच डोंगरात. बालाघाटाच्या मानानं इथं दाट सावली. ओढ्यात पाणी नव्हतं पण तळाची माती ओलसर होती, आणि पालापाचोळ्यात दयाळ उड्या मारत होता. स्वर्गीय नर्तक पांढऱ्या शेपटीच्या दोन फिती हलवत फांदीवरून फांदीवर गेला. मी आलो होतो नवरंगासाठी. हिवाळ्यात हा दक्षिणेत असतो, पावसाच्या थोडा आधी आपल्याकडच्या जंगलांमध्ये विणीला येतो. त्याची दोन सुरांची शीळ सकाळ-संध्याकाळच ऐकू येते. पहाटे ऐकली, वाजली त्या दिशेला बसून राहिलो, आणि तासाभरानं तो पाचोळा उलटत उलटत स्वतःच समोर आला. हिरवी पाठ, पिवळसर पोट, शेपटीखाली शेंदरी, डोळ्यावरून काळी पट्टी.

दोन तरुण मोबाइलवर त्याचाच आवाज लावून त्याला बोलवत होते. मी जवळ जाऊन सांगितलं, हा पक्षी नुकताच आलाय, जागा राखतोय. तुमच्या मोबाइलमधला आवाज त्याला दुसऱ्या नराचा वाटतो. जेवण आणि घरटं सोडून तो त्या नसलेल्या नराशी भांडत बसेल. पोरं समजूतदार होती. आवाज बंद केला, माझ्याशेजारी बसली, आणि दुसऱ्यांदा तो दिसला तेव्हा तिघांनी मिळून बघितला.

वहीत नोंद करायची सवय आहेच, घरी आल्यावर तीच यादी ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर, चढवतो. हिवाळ्यातल्या याद्या तिथं भरपूर असतात. मे महिन्याच्या आपल्या भागातल्या फार थोड्या. उन्हाळ्यात कोण कुठं विणीला बसतं हे कुणी लिहून ठेवलं नाही, तर उद्या माळ सपाट करताना तिथं कुणी होतं हे दाखवायला कागद नसणार. येणार असाल तर वनखात्याची परवानगी आधी घ्या, सूर्योदयाला काठावर असा, नऊला परत फिरा, आणि घरट्याचं ठिकाण कुठंही जाहीर लिहू नका. नुसतं गाव पुरे.

मृगाच्या पहिल्या पावसानंतर मामांचा फोन आला. टिटवीची पिल्लं केव्हाच बांधापलीकडं गेली, तो तुकडाही आता वखरून झाला. पावशा दिवसभर 'पेर्ते व्हा' म्हणून डोकं उठवतोय, पण वापसा नाही, दोन दिवस थांबणार. आणि "तुझा तो काळा-पांढरा तुरेवाला बी आलाय, विहिरीवरच्या बाभळीवर बसलाय." चातक. तारीख लिहून घेतली. गेवराईत अजून दिसला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी गावाबाहेरच्या बाभळवनात जाऊन यायचं ठरवलं.